खांदा शेवटी येतो

ज्युदोच्या हॉलमध्ये आलेल्या नव्या मुलाला विचारावं, तुला काय शिकायचंय, तर तो तोंडाने काही बोलत नाही. दोन्ही हात खांद्यावरून पुढे झटकून दाखवतो. त्याला सेओई नागे हवा असतो, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे फेकण्याचा डाव. सिनेमातल्या मारामारीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या प्रात्यक्षिकात हाच डाव दिसतो, त्यामुळे ज्युदो म्हणजे हाच, असं मुलांच्या मनात पक्कं असतं. मला ते आवडतं. बुटक्या आणि हलक्या खेळाडूला उंच प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहायची हिंमत देणारा असा दुसरा थ्रो नाही. ज्या मुली वर्गात कायम पहिल्या रांगेत उभ्या केल्या जातात, त्या मॅटवर या एका डावावर सामने काढतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोडोकान सुरू केलं. पुढे तिथे फेकीच्या तंत्रांची पाच गटांत मांडणी झाली, तिला गोक्यो म्हणतात. १९२० च्या सुधारित गोक्योत सेओई नागे पहिल्याच गटात आहे. त्याचं वर्गीकरण मात्र कंबरेच्या तंत्रांत केलेलं नाही, हाताच्या तंत्रांत केलेलं आहे. माझ्या शिकवण्याचा सगळा भर त्यावरच आहे. या डावात हात आणि पाय आपलं काम आधी संपवतात, पाठ आणि खांदा शेवटी येतात. ज्यांचा थ्रो बसत नाही ते जवळजवळ सगळे खांद्यापासून सुरुवात करत असतात.

पुढचं सगळं उजव्या बाजूने फेकणाऱ्यासाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटून वाचावं.

१. बाहीचा हात थांबू देऊ नका

उजव्या खेळाडूचा डावा हात समोरच्याच्या उजव्या बाहीवर असतो. जपानीत तो हिकिते, आम्ही नुसतं ‘बाहीचा हात’ म्हणतो. बाही कोपराच्या जरा खाली, शिवणीजवळ धरावी. मनगटाजवळ धरली तर मधलं ढिलं कापड ताणण्यातच जोर संपतो. करंगळी आणि अनामिका घट्ट हव्यात, तर्जनी सैल चालते. पाचही बोटं सारखीच आवळली की हात थेट खांद्यापर्यंत ताठ होतो आणि ताठ हाताला ओढ राहत नाही.

ओढायचं पुढे आणि वर. बहुतेक मुलं खाली ओढतात, कारण पाडायचं आहे म्हणजे खालीच ओढायचं असं त्यांना वाटतं. खाली ओढलं की समोरचा दोन्ही पायांवर आणखी घट्ट बसतो. मी मुलांना सांगते, डाव्या मनगटावर घड्याळ आहे, त्यात वेळ बघा. असं केलं की करंगळी वर येते, कोपर खांद्याच्या उंचीला जातं आणि समोरच्याच्या टाचा मॅटवरून सुटतात. टाचा सुटल्या म्हणजे कुझुशी झाली, त्याचा तोल गेला. मग आत शिरणं म्हणजे त्सुकुरी आणि प्रत्यक्ष फेक म्हणजे काके. पुस्तकात हे तीन टप्पे वेगवेगळे छापलेले असतात, त्यामुळे मुलं तेही वेगवेगळे करतात: ओढलं, थांबलं, वळलं, थांबलं, उचललं. थांबण्याच्या त्या क्षणात समोरचा पुन्हा टाचांवर येतो आणि पुढे होते ती नुसती झटापट.

ओढ पहिल्या पावलाबरोबर सुरू व्हावी आणि समोरचा मॅटवर पडेपर्यंत चालू राहावी. फसलेला थ्रो बघताना मी आधी बाहीच्या हाताकडे बघते. वळताना तो पोटाशी येऊन पडलेला दिसला, की पुढचं काही बघायची गरज उरत नाही.

यासाठी एक सराव मला फार उपयोगी वाटतो. वळायचं नाही, फेकायचं नाही. डोळे मिटायचे, नेहमीसारखं धरायचं आणि जोडीदाराला हॉलभर हळूहळू चालवायचं. त्याचं वजन कोणत्या पायावर आहे ते हाताला कळलं पाहिजे. दृष्टिहीनांच्या ज्युदोत सामना सुरू होतानाच दोघांना एकमेकांची पकड दिली जाते, पुढचं सगळं त्या पकडीतून कळतं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारने ६० किलो गटात कांस्यपदक घेतलं. पॅरालिंपिक ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक. त्याच्या लढतींचं चित्रण मी मुलांना दाखवते आणि सांगते, फक्त हात बघा.

२. पहिलं पाऊल लहान टाका

उजवं पाऊल समोरच्याच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, त्याच्या अंगठ्यापासून थोडं अलीकडे पडावं. थोडं अलीकडे, म्हणजे तुम्हाला वळायला जागा राहते. उत्साही मूल पहिलंच पाऊल त्याच्या दोन पायांच्या मधोमध खोल टाकतं. मग वळताना त्याचीच पाठ समोरच्याच्या छातीवर आदळते, स्वतःचा तोल मागे जातो आणि समोरचा त्याला मागूनच उचलून टाकतो.

उजव्या पायाच्या चवड्यावर वळायचं आणि डावा पाय मागून फिरवून समोरच्याच्या डाव्या पायाच्या आत आणायचा. वळून झाल्यावर तुमची दोन्ही पावलं त्याच्या पावलांच्या आत, खांद्यांपेक्षा अरुंद आणि त्याच दिशेला तोंड करून असली पाहिजेत. पाय फाकले की कंबर खाली जात नाही. टाचांवर वजन गेलं की पुढे जाता येत नाही. मॅटवर खडूने चार पावलं काढून द्यावीत आणि मुलांना जोडीदाराशिवाय नुसतं वळायला लावावं. हा सराव कंटाळवाणा आहे हे मला मान्य आहे. माझ्या हॉलमध्ये तो वगळता येत नाही.

समोरचा जोरात अंगावर येत असेल तेव्हा पावलं बदलतात. तेव्हा पुढे पाऊल टाकण्याऐवजी डावा पाय मागे घेत त्याच्याच जोरात वळायचं. नागे नो काता या पारंपरिक मांडणीत सेओई नागे असाच दाखवतात. समोरचा डोक्यावर वरून प्रहार करायला येतो आणि त्या येण्यातच तो खांद्यावर घेतला जातो. काता म्हणजे परीक्षेपुरती पाठ करायची कवायत, असं आपल्याकडे धरलं जातं. माझ्या मते हा डाव कधी घ्यायचा हे त्या एका प्रात्यक्षिकाइतकं कोणीच स्वच्छ सांगत नाही: तो येत असताना.

३. उजव्या हाताचं कोपर कुठे आहे ते रोज तपासा

या डावाचे दोन मुख्य प्रकार आपल्याकडे शिकवले जातात. मोरोते सेओई नागेत उजव्या हाताने समोरच्याची डावी कॉलर धरलेली असते आणि ती न सोडता कोपर दुमडून त्याच्या उजव्या काखेखाली घालायचं असतं. इप्पोन सेओई नागेत कॉलर सोडून उजवा हात त्याच्या उजव्या काखेखालून घालायचा आणि त्याचा दंड आपल्या कोपराच्या बेचक्यात पकडायचा.

मोरोते दिसायला सुबक, करायला अवघड आणि कोपराला धोक्याचा. मनगट मागे मुडपलं, कोपर काखेपर्यंत पोचलंच नाही आणि तशातच खेळाडूने पुढे जोर लावला, की समोरच्याचं सगळं वजन कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतं. ही दुखापत एका दिवसात होत नाही. आधी सरावानंतर ठणका, मग पाण्याची बादली उचलताना कळ, मग हात सरळ करतानाही. मूल सांगत नाही, कारण स्पर्धा जवळ आलेली असते. म्हणून विचारावं लागतं. कोपर दुखतं म्हणणाऱ्या मुलाचा मोरोते मी त्याच दिवशी बंद करते आणि दुखणं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवते. त्या काळात त्याला इप्पोनचीही घाई करू देत नाही. बाहीच्या हाताचा आणि पावलांचा सराव तेवढा चालू ठेवते.

मोरोते बसवायचा असेल तर मनगट सरळ ठेवून कोपर आधी खाली न्या, मग वर. कॉलर फार वर, मानेजवळ धरली तर कोपर दुमडायला जागा मिळत नाही. छातीच्या उंचीला धरा. ज्यांचे खांदे आखडलेले आहेत, विशेषतः जिममध्ये जड वजनं उचलून छाती भरलेली मोठी मुलं, त्यांना मी इप्पोनच शिकवते. प्रत्येकाला दोन्ही आलेच पाहिजेत हा आग्रह परीक्षेपुरता ठीक आहे. सामन्यात एकच प्रकार लागतो, तो अंगाला बसणारा असावा.

इप्पोनमधली नेहमीची उणीव वेगळी. हात काखेत न जाता समोरच्याच्या दंडाच्या मध्यावर अडकतो. मग तो सहज हात काढून घेतो. तुमचा दंड त्याच्या काखेत घट्ट बसला पाहिजे, मधे हवा जायला जागा नको.

४. गुडघे वाकवा, कंबर वाकवू नका

वळून झाल्यावर तुमचा पट्टा समोरच्याच्या पट्ट्याच्या खाली हवा. तो खाली जातो गुडघ्यांमुळे. पाठ सरळ, छाती वर, नजर समोर. कमरेतून वाकून खाली गेलं की पाठ आणि समोरच्याची छाती यांच्यात फट पडते, आणि त्या फटीत तो आपला हात घालतो किंवा कंबर पुढे काढून थ्रो अडवतो. मार्केट यार्डात हमाल पोतं पाठीवर घेताना बघा. तो गुडघे वाकवून पोत्याखाली जातो, पोतं पाठीला चिकटतं, आणि मग पायांनी उभा राहतो. वाकून उचलायला गेला तर एका दिवसात पाठ धरेल.

इथेही ताकद पायांची आहे. आत शिरताना गुडघे वाकलेले, फेकताना सरळ होत जाणारे. समोरचा पाठीवर आल्यावर पाय सरळ होतात, त्याचे पाय मॅट सोडतात, आणि मगच कंबरेतून पुढे वळायचं. हा क्रम उलटा झाला की कमरेचा खालचा भाग दुखू लागतो. मोठ्या वयात ज्युदो सुरू करणाऱ्यांना तर मी आधी नुसत्या बैठका घालायला लावते. जोडीदाराला पाठीवर घेऊन अर्ध्या बैठका जमत नसतील तर सेओई नागे थांबू शकतो, बाकी शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

५. डोकं वळवा

फेकताना नजर डाव्या बाजूला, जणू स्वतःच्या डाव्या टाचेच्या मागचं काही बघायचं आहे. उजवा खांदा डाव्या गुडघ्याकडे जातो. डोकं सरळ ठेवलं तर समोरचा थेट डोक्यावरून येतो, थ्रो अर्धवट राहतो आणि दोघांच्याही मानेला ते बरं नाही. आणखी एक सांगते: डोकं मॅटवर टेकवून त्याच्या आधाराने फेकणं मानेला अजिबात परवडत नाही.

६. तालमीतून आलेल्या मुलांचं

कुस्तीतला धोबीपछाड याच कुळातला आहे. समोरच्याचा हात खांद्यावर ओढून घ्यायचा आणि पाठीवरून पुढे टाकायचा. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडची, तालमीत वाढलेली मुलं ज्युदोत आली की त्यांना सेओई नागे ओळखीचा वाटतो. त्यांचे पाय मजबूत असतात, अंगाला अंग भिडवायची भीती नसते, आणि पाठीवर घेतलेला माणूस ते सोडत नाहीत. ही फार मोठी शिदोरी आहे. आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी ‘तुझी कुस्ती विसर’ असं त्यांना सांगू नये.

तीन गोष्टी मात्र नव्याने शिकवाव्या लागतात. पहिली, जॅकेट. उघड्या घामट अंगाला धरायची सवय असते, त्यामुळे ती मुलं जॅकेट नुसतं मुठीत घेतात, त्यातून ओढ निर्माण करत नाहीत. दुसरी, उभं राहणं. कुस्तीत पुढे झुकून, डोकं खाली ठेवून उभं राहतात. तसंच राहिलं तर ज्युदोत मानेवरची कॉलर धरून समोरचा खाली दाबतो. तिसरी, शेवट. कुस्तीत पाडल्यावर चीत करायचं काम उरलेलं असतं. ज्युदोत जोर, वेग आणि ताबा ठेवून पाठीवर फेकलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, सामना तिथेच संपतो. म्हणून तालमीतलं मूल अर्ध्या फेकीवर समाधान मानतं आणि खाली झटापटीला तयार होतं. त्याला सांगावं लागतं, तुझं काम वरच संपव.

७. उचीकोमी मोजू नका, बघा

उचीकोमी म्हणजे फेकेपर्यंतची सगळी हालचाल पुन्हा पुन्हा करणं, शेवटी न फेकता परत येणं. ज्युदोचा पाया यावर आहे, आणि सगळ्यात जास्त वाट लागते तीही इथेच. मोठ्या आवाजात आकडे मोजत, धापा टाकत शंभर उचीकोमी केलेल्या मुलाच्या शेवटच्या पन्नासांत बाहीचा हात वर जात नाही, पाऊल जागेवर पडत नाही, गुडघे वाकत नाहीत. शंभराच्या आकड्याचं त्याला कौतुक मिळतं, आणि अंगात मुरतात त्या शेवटच्या पन्नास. दहा स्वच्छ करा आणि थांबा. दम घ्या, पुन्हा दहा. तंत्रासाठी दमसास लागतोच, त्यासाठी पळणं, दोरीच्या उड्या, जिने आहेत.

दहापैकी शेवटच्या वेळी फेका. नाहीतर शरीराला आत जाऊन थांबायचीच सवय लागते आणि सामन्यात तेच होतं. सुरक्षित फेकीसाठी जाड गादी हवी. पुन्हा पुन्हा पूर्ण फेकण्याच्या सरावाला नागेकोमी म्हणतात आणि माझ्या मते आपल्या क्लासांमध्ये नागेकोमी फार कमी होते, कारण जाड गाद्या महाग असतात. दोन-चार क्लासांनी मिळून एक गादी घ्यावी, पण घ्यावी.

जागेवरचं जमलं की चालत्या जोडीदारावर करा. तो मागे जातोय, पुढे येतोय, बाजूला सरकतोय. घरी एकट्याने सराव करायचा तर सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या मजबूत गजाला किंवा झाडाला बांधून दोन्ही टोकं धरायची आणि वळायचं. बाहीचा हात वर गेला नाही तर ट्यूब लगेच पाठीला घासते, त्यामुळे ती प्रामाणिक शिक्षक आहे.

दरवर्षी शालेय स्पर्धांच्या आधी दहावी-बारावीच्या मुलांची गर्दी होते. क्रीडागुण मिळतात म्हणून पालक घेऊन येतात आणि महिन्याभरात एक थ्रो बसवून द्या म्हणतात. महिन्याभरात सेओई नागे बसत नाही. त्या मुलांना मी पडायला शिकवते, धरायला शिकवते, स्पर्धेत सुरक्षित राहतील एवढं बघते. त्यातली काही परीक्षा झाल्यावर परत येतात, आणि खरा सराव तेव्हा सुरू होतो.

८. हा डाव एकटा पाठवू नका

शिकलेला प्रतिस्पर्धी सेओई नागेची वाटच बघत असतो. तुम्ही वळताच तो कंबर खाली दाबतो, मोकळा हात तुमच्या पाठीवर ठेवतो, किंवा तुमच्या उजव्या बाजूने पुढे फिरून निसटतो. म्हणून आधी दुसरीकडे लक्ष न्यावं लागतं. ओउची गारीने आतून त्याच्या डाव्या पायावर हल्ला करा. तो पाय मागे घेतो आणि सावरण्यासाठी वजन पुढे आणतो. तो येत असतानाच वळा. कोउची गारीने उजव्या पायावर गेलात तरी तेच.

उलटही चालतं, आणि ते शिकायला सोपं आहे. सेओई नागेला आत जा. तो घाबरून मागे टाचांवर बसला, की वळलेल्या अवस्थेतूनच उजव्या पायाने त्याचा उजवा पाय आतून अडकवा आणि त्याच्यासकट मागे जा. तुमचा सेओई नागे चांगला आहे अशी ख्याती झाली की हा दुसरा डाव आपोआप चालू लागतो. तालुका-जिल्हा पातळीवर एकाच डावावर पदकं मिळतात. राज्याच्या स्पर्धेत पहिल्याच लढतीत समोरचा प्रशिक्षक बाहेरून ओरडून सांगतो, ही उजवीकडून सेओई नागे घेते, कंबर खाली ठेव.

९. गुडघ्यांवर बसून फेकण्याची घाई नको

हल्लीच्या स्पर्धांत दोन्ही गुडघे मॅटवर टाकून समोरच्याच्या खाली शिरण्याचा प्रकार फार दिसतो. तो वेगवान आहे, उंच प्रतिस्पर्ध्यावर चालतो. वाढीच्या वयातल्या मुलांना मी तो शिकवत नाही. पातळ मॅटवर गुडघे आपटत राहणं हे एक कारण. दुसरं असं की खाली बसून शिरता येतं म्हटल्यावर मूल ओढायचंच सोडून देतं. समोरच्याचा तोल गेलेला नसताना ते त्याच्या पायाशी जाऊन बसतं आणि पंच निष्क्रियतेबद्दल किंवा खोट्या हल्ल्याबद्दल शिदो, म्हणजे ताकीद देतात. शिवाय पडणाऱ्याला सावरायला उंची आणि वेळ मिळत नाही, तो डोक्याकडून येऊ शकतो. आधी उभ्याने फेकता आलं पाहिजे.

उभ्याने म्हणजे कसं, हे बघायचं तर तोशिहिको कोगा यांच्या लढती बघा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकआधी काही दिवस, सहकारी हिदेहिको योशिदांबरोबर सराव करताना त्यांचा गुडघा जबर दुखावला. तरीही ७१ किलो गटाचं सुवर्णपदक त्यांनी घेतलं, अंतिम लढत पंचांच्या निर्णयावर जिंकून. त्याआधी १९९० मध्ये वजनगट नसलेल्या अखिल जपान स्पर्धेत ते अंतिम फेरीपर्यंत गेले होते. तिथे कितीतरी वजनदार नाओया ओगावांनी त्यांना हरवलं, पण एवढ्या हलक्या खेळाडूने तिथवर पोचणं हीच त्या डावाची साक्ष. २०२१ मध्ये, अवघ्या ५३ व्या वर्षी कोगा गेले. त्यांच्या पिढीच्या आधीचे इसाओ ओकानो १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकचे ८० किलोचे विजेते. त्यांनी १९६७ आणि १९६९ मध्ये तीच अखिल जपान स्पर्धा जिंकली. तादाहिरो नोमुरा यांनी १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं ६० किलोत घेतली, आणि त्यांचे काका तोयोकाझु यांनी १९७२ च्या म्युनिकमध्ये सुवर्ण मिळवलं होतं. घराण्याचा डाव एकच, सेओई नागे. आजच्या मुलांना हिफुमी आबे माहीत असतो, तोक्यो आणि पॅरिस दोन्हीकडचा ६६ किलोचा विजेता.

चित्रण बघताना फेक बघू नका. ती सगळ्यांना दिसते. फेकीच्या आधीचे दोन सेकंद पुन्हा पुन्हा बघा: पकड कशी मिळवली, कोणत्या पावलावर ओढ सुरू झाली, समोरचा तेव्हा येत होता की जात होता.

१०. पडणाऱ्याची जबाबदारी तुमची

हे मी शेवटी लिहिते आहे, पण हॉलमध्ये पहिल्या दिवशी सांगते. सेओई नागेत समोरचा उंचावरून, वेगाने, पाठीवर येतो. त्याला ब्रेकफॉल, म्हणजे इजा न होता पडणं, येत नसेल तर तो हात टेकवून स्वतःला वाचवायला बघणार, आणि मग मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जाणार. हनुवटी छातीला, हाताचा तळवा आणि पूर्ण बाहू मॅटवर सपाट, शरीरापासून थोड्या अंतरावर. डोकं मॅटला लागता कामा नये. हे झोपेतही जमेपर्यंत त्या मुलावर कोणी सेओई नागे करायचा नाही.

फेकणाऱ्याचंही कर्तव्य आहे. बाहीचा हात शेवटपर्यंत सोडायचा नाही आणि शेवटच्या क्षणी वर ओढून धरायचा. त्यामुळे समोरचा कुशीवर, नीट येतो. तोच हात, ज्याने डाव सुरू केला, तोच पडणाऱ्याचं डोकं वाचवतो. जोडीदारावर स्वतः कोसळू नका. आणि जोडीदारानेही दगडासारखं ताठ उभं राहू नये किंवा लाडाने आधीच उडी मारू नये. नेहमीसारखं उभं राहिलं तरच दोघंही शिकतात.

जपानसारख्या देशातसुद्धा हे गृहीत धरता आलेलं नाही. १९८३ नंतरच्या साधारण तीन दशकांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली, त्यात डोक्याच्या दुखापती पुष्कळ होत्या. २०१२ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा पालकांनी याच मुद्द्यावर प्रश्न विचारले, आणि ते विचारायलाच हवे होते. आपल्याकडची अशी नोंद माझ्या पाहण्यात नाही, म्हणून धोका नाही असं समजू नये.

तेव्हा पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलाला ज्युदोला घालण्याआधी एक संध्याकाळ हॉलमध्ये जाऊन बसा. मॅट किती जाड आहे बघा, नव्या मुलांना सुरुवातीचे आठवडे पडायला शिकवतात का ते विचारा, डोकं आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरवत नाहीत ना हेही विचारा. उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरा क्लास शोधा.